लाइटीचे तीन तास

वादळ आलं ते ऐन खरिपाच्या सुगीत. अर्ध्या तासाचाच खेळ, पण तेवढ्यात त्यानं शाळेच्या चार वर्गांचे पत्रे उचलून ओढ्यात नेऊन टाकले आणि चौकातला ट्रान्सफॉर्मर जाळला. पत्रे महिनाभरात येतील असं सांगण्यात आलं. ट्रान्सफॉर्मरचं कोणी काहीच सांगेना. शेजारच्या गावाच्या लाइनीवरून उसनी लाइट मिळायला लागली, ती रोज अकरा ते दोन. त्या तीन तासांत ज्यानं त्यानं आपलं उरकून घ्यायचं.

गिरणीवाल्याला त्या तीन तासांत अख्ख्या गावाचं दळायचं होतं.

घराघरात नवी ज्वारी येऊन पडली होती. पाऊस लागलेली, दमट. अशी ज्वारी दगडाला चिकटते, पीठ गरम होतं, हात भाजतो. सकाळी नऊपासूनच गिरणीच्या ओट्यावर पोती, डबे, पिशव्या रांगेला लागत आणि माणसं शेजारी उकिडवी बसून छताच्या बंद दिव्याकडे बघत राहत. दिवा पेटला की गिरणीवाला खटका ओढी. मोटर गुरगुरे, पट्टा फडफडत गती घेई, पत्र्याच्या भिंती थरथरायला लागत, आणि मग दोन वाजेपर्यंत तिथं माणसाचं बोलणं म्हणून काही उरत नसे.

त्याला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं गिरणीत काढून त्याचा उजवा कान पुरता गेला होता, डावा जायच्या बेतात होता. गिरणी बंद केली तरी त्याच्या डोक्यात ती चालूच असे.

तरी काम निभत होतं ते पोरीमुळे. ती दहावीला होती. घर म्हणजे गिरणीच्या मागच्या दोन खोल्या. रांगायला लागली तेव्हापासून तिनं तो आवाज ऐकलेला, त्यामुळे गिरणीची कुरकुर न् कुरकुर तिला कळे. वरच्या पेटीतले दाणे संपत आले की दगडांचा सूर चढतो. बापाला तो ऐकू येत नसे, पोरीला मागच्या खोलीत भांडी घासताना ऐकू येई. "बाबा, पेटी!" अशी हाक ती मारी की गिरणीच्या धडधडीतूनही ती त्याच्या डाव्या कानापर्यंत पोचे. "बाबा, पट्टा सरकला!" "बाबा, काकूंचं पीठ जाड पडतंय!" ओट्यावरची माणसं हसत, तोही हसे. बायको वजन करायची, पिठाच्या नळीला पिशव्या बांधायची आणि दिवसभर खोकायची. अशी तिघांची गिरणी होती.

वादळानंतरच्या आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाई स्वतः दळण घेऊन आल्या. लाइट यायला अवकाश होता. त्या पोरीशी बोलत होत्या, आणि गिरणीवाला त्यांच्या ओठांकडे पाहत मान हलवत होता.

"काय म्हणतात गं?" त्यानं शेवटी विचारलं.

"इंग्रजीचे सर बदलून गेले ना बाबा, त्यांच्या जागी कोणीच येणार नाही म्हणतात!" पोरगी नेहमीच्या आवाजात म्हणाली. मोठ्या बाई दचकून मागे सरकल्या. "बाकीचे विषय पत्रे आल्यावर शिकवतील. इंग्रजी घरीच करायचं, फोनवर!"

मोठ्या बाईंनी एक कागद दिला. त्यावर नेटवरच्या चार ठिकाणांचे पत्ते होते. एका ठिकाणी धडे बघायचे, एका ठिकाणी गोष्टी ऐकायच्या, एका ठिकाणी शब्दांचे खेळ, आणि चौथ्या ठिकाणी बोलायचं. आपण बोलायचं आणि फोननं ऐकायचं. बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. महिनाअखेरीला तोंडी परीक्षाही तिथंच. पाच प्रश्न, वीस गुण.

"घरचा फोन आहे ना?" मोठ्या बाईंनी विचारलं. हे त्याला ओठांवरून कळलं.

"आहे की," तो म्हणाला. फोन होता, काच तडकलेला. पण नेटही लाइटीबरोबरच येई. टॉवरची बॅटरी वादळात बसली होती, त्यामुळे अकराला गिरणी सुरू झाली की टॉवर सुरू आणि दोनला दोन्ही गप्प. हे त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या बाईंचं पीठ त्यानं जरा बारीकच काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला खटका ओढला आणि पोरगी फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. दोन मिनिटांत परत आली. मग फोन घेऊन न्हाणीत गेली. मग अंगणातल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे. तिथून गोधडी डोक्यावर घेऊन पलंगाखाली. दीडच्या सुमाराला तो पाणी प्यायला आत आला तेव्हा ती पलंगाखालून घामाघूम होऊन बाहेर येत होती.

"काय झालं?"

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. लाल खुणाच खुणा.

"मी म्हणते, माय फादर हॅज अ मिल. म्हणजे माझ्या वडिलांची गिरणी आहे. आणि हे बघा काय लिहितंय. मिलचं मील! माझ्या वडिलांचं जेवण आहे!"

"मग खोटं काय त्यात? गिरणीवरच जेवतो आपण."

ती हसली, पण लगेच तोंड पाडून बसली. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी लिहून येत होतं. तिनं ते वाचून दाखवलं. आजूबाजूला फार गोंगाट आहे, शांत जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करा.

शांत जागा गल्लीत नव्हती. गिरणीचा आवाज पार टोकाच्या घरापर्यंत जाई, आणि त्यापलीकडे पोरगी गेली तर गिरणीला कान राहत नसत.

आठ दिवस असेच गेले. ती धडे बघे, गोष्टी ऐके, एकाच कानात चालणारी वायर घालून. शब्दांच्या खेळात तिनं बरीच मजल मारली. बोलायचं मात्र तिथल्या तिथंच. नवव्या दिवशी त्यानं न सांगता सव्वाबाराला खटका खाली ओढला. पट्टा मंदावत थांबला. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. लाइट गेली म्हणावी तर दिवा चालू होता.

"मोटर तापलीय," तो म्हणाला. "अर्धा तास थंड होऊ द्या."

"मोटर तापलीय की तू?" शिंप्यानं विचारलं. त्याचं तिसऱ्या क्रमांकाचं पोतं होतं आणि दुकान उघडं टाकून तो आला होता. गिरणीवाल्याला ऐकू गेलं नाही. कळलं मात्र. तो कपाळाचं पीठ पुसत खोलीच्या दाराशी गेला.

पोरगी पलंगावर ताठ बसली होती. फोन गुडघ्यांवर. तिनं मोठा श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. त्याला दोन-तीन शब्द नीट ऐकू आले आणि त्याला बरं वाटलं. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला.

"काय गं? आता तर गोंगाट नाही."

"मीच," ती म्हणाली. "मीच गोंगाट आहे. म्हणतंय, फार मोठ्यानं बोलता, शब्द फुटतात. हळू बोला."

"मग बोल की हळू."

"हळूच बोलत होते बाबा मी!"

बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती त्याच्या डाव्या कानाशी वाकली. "शाळेत तिला भोंगा म्हणतात," ती म्हणाली. "सहावीपासून. तुम्हाला कोण सांगणार?"

बाहेर जाऊन त्यानं खटका वर ओढला. त्या दिवशी दोन वाजेपर्यंत पाच जणांचं दळण राहिलं, आणि त्यातले तिघे आपले डबे उचलून सायकलींवरून शेजारच्या गावाला निघून गेले.

फोनवरच्या धड्यांत एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं होतं, छातीवर हात ठेवा, समोर हातभर अंतरावर बाळ निजलंय असं समजा आणि त्याला न उठवता बोला. पोरगी दिवसभर तसंच करायला लागली. झाडताना, पाणी भरताना, कपडे वाळत घालताना तिचे ओठ हलत. आईशीही ती तशीच बोले. "अगं, घशाला काही झालंय का तुझ्या?" आईनं विचारलंसुद्धा. गिरणी चालू असताना उशीखाली फोन दाबून ती सराव करे, आणि चार लालांमध्ये एखादी हिरवी खूण यायला लागली. ती तो फोन बापाला दाखवायला आणी. तो पिठाळ अंगठा वर करी.

शिंप्याचं पोतं त्याच सुमाराला पुन्हा आलं. चाळीस किलो, त्याच्याकडे पाहुणे यायचे होते. पावणेएक झाला असेल. गिरणीवाला पाठमोरा, वाकून, पट्टा घसरू नये म्हणून त्यावर राळ टाकत होता. बायको बाहेर दोन बायकांचं क्रमांकावरून जुंपलेलं भांडण सोडवत होती. पेटीतले दाणे संपले. दगडावर दगड फिरायला लागला. त्याला कळलं ते वासानं, तेही शिंपी त्याच्या खांद्याला धरून गदागदा हलवायला लागला तेव्हा.

खटका ओढून तो वळला. पोरगी मधल्या दारात उभी होती. तोंड उघडं, डोळे मोठे.

"मी हाक मारली बाबा," ती म्हणाली. "दोनदा मारली."

मारलीही असेल. आपली हाक आता दारापलीकडे जात नाही, हे तिला स्वतःलाच कळलं नव्हतं.

शिंप्यानं नळीखालचं चिमूटभर पीठ उचललं, हुंगलं आणि सगळ्यांदेखत गिरणीवाल्याच्या पायाशी टाकलं. "हे पीठ आहे की राख? दगडाची कच आहे यात. हे पाहुण्यांना घालू मी?"

"माझ्या घरची ज्वारी दळून देतो. चाळीस किलो."

"देशीलच! पण उद्या कोणाचं जाळशील? कान गेलेत तर गिरणी विकून मोकळा हो ना. लोकांच्या तोंडचा घास कशाला घालवतोस?"

शिंपी ओरडून बोलत होता, म्हणून हे सगळं त्याला ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी कोणाचं तरी एवढं बोलणं एका दमात ऐकू आलं होतं. त्यानं घरातलं पोतं ओढून आणलं. पण घासलेल्या दगडांवर ते दळता येईना. शिंप्यानं ती ज्वारी तशीच सायकलवर टाकली आणि गेला. मागोमाग रांगही उठली.

दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडण्यावाचून इलाज नव्हता. दुपारी बायकोनं आणि त्यानं मिळून पहार घालून वरचा दगड उलटा केला. बायको खोकत आत जाऊन पडली. तो मांडी घालून बसला आणि छिन्नी-हातोडी घेऊन एकेक खाच उकरायला लागला. पोरगी समोर बसून फडक्यानं चुरा पुसत होती. लाइट नव्हती, नेट नव्हतं. गल्लीत एक कोंबडी तेवढी फिरत होती.

"उद्यापासून मी ते बंद करते," ती म्हणाली. आता ती पूर्वीसारखी मोठ्यानं बोलत होती. "वीसच गुण आहेत. गेले तर गेले."

"फोनशी हळू बोलायचं आणि इथं मोठ्यानं. असं नाही का जमत?"

"करून बघितलं. नाही जमत. मोठ्यानं बोलले की दोन दिवस परत लाल येतं. एकच गळा आहे ना बाबा, किती ठिकाणी वापरू?"

त्यानं छिन्नी टेकवली, ठोका घातला. दगडाची बारीक कपची उडून त्याच्या ओठाला लागली. ती थुंकून त्यानं पुढचा ठोका घातला. असे पंधरा-वीस ठोके झाले.

"भोंगा कोण म्हणतं तुला?"

"सगळेच म्हणतात."

"सरही?"

ती चुरा पुसत राहिली. मग म्हणाली, "सर म्हणायचे, तुला प्रश्न विचारला की शेजारच्या वर्गालाही उत्तर मिळतं. वाईट बोलायचे नाहीत ते. सगळे हसायचे एवढंच."

तो खाली बघून काम करत होता, त्यामुळे निम्मं त्याच्या हातून सुटलं. पण निम्मं पुरेसं होतं.

"तू हळूच बोल," तो म्हणाला. "गिरणीचं मी बघतो."

"कसं बघाल?"

"हात आहे की."

दोन दिवसांनी गिरणी सुरू झाली ती त्याचा डावा हात पेटीवर ठेवून. दाणे भरलेले असले की पेटी जड जड हलते, संपत आले की फळी तळव्याखाली झणझणायला लागते. हे त्याला ठाऊक होतं, पण कधी गरज पडली नव्हती. आता तो हात तिथून काढायचा नाही असं त्यानं ठरवलं. उरलेल्या एका हातानं पोतं ओतायचं, त्याच हातानं पट्टा बघायचा. काम निम्म्यावर आलं. पहिल्या दिवशी दोन वाजता हात खाली घेतला तर तो खांद्यापासून आपला वाटेना. बायकोनं तेल चोळलं. बोटं मिटत नव्हती, जेवणाचा घास उजव्याच हातानं पण डावा मांडीवर मेल्यासारखा.

"असं किती दिवस?" बायकोनं त्याच्या कानात विचारलं.

"महिनाअखेरपर्यंत."

"आणि मग?"

तो ऐकू न आल्यासारखा बसून राहिला. बहिऱ्या माणसाला तेवढी एक सोय असते.

रांग कमी झाली होती, तरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी ओट्यावर आठ-दहा माणसं होती. शिंपीही होता. शेजारच्या गावची गिरणी जाड दळते म्हणून परत आला होता आणि ते कबूल करायला लागू नये म्हणून कोणाकडे बघत नव्हता. साडेबाराला गिरणीवाल्यानं खटका खाली घेतला.

"पोरीची परीक्षा आहे," तो म्हणाला. या खेपेला त्यानं मोटरीवर ढकललं नाही. "अर्धा तास. ज्याला थांबायचं नाही त्यानं जावं, राग नाही."

कोणी उठलं नाही. म्हातारी सुईण पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "घेऊ दे. आम्ही काय, बसलोच आहोत."

खोलीची खिडकी ओट्यावरच उघडत होती. पोरगी आत पलंगावर बसली, छातीवर हात ठेवला. गिरणीवाला खिडकीपासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला तिचे ओठ हलताना दिसले. आवाज म्हणून काहीच नाही. डोक्यातली गिरणी तेवढी चालू होती.

मग त्यानं ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. ती सगळी ऐकत होती. त्यातल्या कोणालाच इंग्रजी येत नव्हतं, पण सुईणीची मान हळूहळू डोलत होती. एका बाईनं कडेवरच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला होता. शिंपी पुढे झुकून, भुवया वर चढवून, जणू टाका कुठं चुकतोय का ते पाहत असल्यासारखा ऐकत होता. एकदा तो जरासा हसला आणि त्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. गिरणीवाला एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मुलीची परीक्षा त्यानं अशी दिली.

शेवटी सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सुईण उठून त्याच्या कानाशी आली. "कसं गोड बोलली रे! माझ्या नातीला सांगते, अशी बोलत जा."

"गिरणीचं काहीतरी बोलली," शिंपी ओरडून म्हणाला. "मिल मिल म्हणत होती. तेवढं मला कळलं."

पोरगी दारात आली, बोटं वर केलेली. चार हिरव्या, एक लाल. वीसपैकी सोळा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पत्रे आले, नंतर ट्रान्सफॉर्मरही आला. लाइट दिवसभर राहायला लागली तसं रांगेचं कारण उरलं नाही, लोक आपापल्या सोयीनं येत. पोरगी शाळेत जायला लागली. भोंगा म्हणायचं हळूहळू बंद झालं असं बायकोकडून कळलं. घरातही ती तसंच बोले, मऊ, समोरच्यापुरतं. हाक मारायची असली तर येऊन त्याच्या बाहीला धरी. गिरणीत त्यानं हात पेटीवर ठेवायची सवय करून घेतली ती तशीच राहिली.

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. तो दारात बसून चाळणीच्या जाळीला ठिगळ लावत होता. पोरगी समोर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ काहीतरी बोलली. हातात कागद होता. दोनदा थांबली, परत बोलली. ओठ फार हलत नव्हते, त्यामुळे त्याला काहीच धरता आलं नाही. परत विचारावं असं वाटलं, पण परत विचारलं की ती मोठ्यानं बोलणार, आणि ते त्याच्या जिवावर आलं.

"हो," तो म्हणाला. "हो, हो."

ती तशीच उभी राहिली. मग वाकून तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि पळत आत गेली. दळणाच्या पैशाबद्दल किंवा वहीबद्दल असं कोणी करत नाही, एवढं त्याला कळलं.

संध्याकाळी गिरणी चालू होती. बायको हात पुसत आली आणि त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून ओरडली, "तुम्ही तिला हो म्हणालात?"

"कशाला?"

"शहरातल्या कॉलेजला! तिथंच राहायचं, दोन वर्षं. इंग्रजी घेऊन. मोठ्या बाईंनी अर्ज आणून दिलाय. मी म्हटलं बाबा नाही म्हणतील, गिरणीला माणूस नाही, माझी छाती ही अशी. तर म्हणते, बाबांना सगळं नीट सांगितलं, ते तीनदा हो म्हणाले!"

त्याच्या तळव्याखाली पेटी जड जड हलत होती. आतल्या खोलीच्या दारातून पोरगी दिसत होती. पलंगावर अर्ज ठेवून, वाकून, एकेक रकाना सावकाश भरत होती. वर बघत नव्हती.

"ऐकून म्हणालात ना?" बायको पुन्हा ओरडली. तिला शंका आली होती. "की आपलं उगाच मान हलवलीत? अजून अर्ज गेलेला नाही. सांगा तसं."

"ऐकून म्हणालो," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग खोकत पिठाच्या नळीकडे गेली. ओट्यावर एक बाई मक्याची पिशवी घेऊन थांबली होती. त्यानं पिशवी उजव्या हातानं उचलून काट्यावर ठेवली आणि काटा स्थिर होईपर्यंत त्याच्याकडे पाहत उभा राहिला.